परबांच्या नावावरचे वडे

आमच्या मरोळच्या ऑफिसात एक कायदा आहे: ज्याची चूक, त्याचे वडे. कायदा केला मधुकर परबांनीच. दुसराही त्यांचाच: राउटरमध्ये काहीही बदललं, की कारण आणि आपलं नाव वहीत लिहायचं. अकरा वर्षांत परबांनी एकदाही वडे आणले नाहीत, आणि हे ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवतात. गिरणी कामगाराचा मुलगा, केबल ओढता ओढता बघून बघून राउटर शिकला. माणूस गुणी, पण नाक जरा वर.

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली ही आमची बाकीची ऑफिसं. एका ऑफिसचे पत्ते मरोळच्या राउटरने दुसऱ्यांना सांगायचे, याला रिफ्लेक्शन म्हणतात. गेल्या मंगळवारी मढचं नवं ऑफिस जोडलं. काम श्रुतिकाचं, नोकरीतलं पहिलंच स्वतंत्र. मढहून मरोळ दिसत होतं, पण बाकीची तिन्ही दिसेनात. दोन तास तिने मढच्या बाजूचं सगळं तपासलं. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलंय. वडे आणते," आणि जिना उतरली.

परब तिच्या खुर्चीत बसले. मरोळच्या राउटरमध्ये रिफ्लेक्शन चक्क बंद होतं. त्यांनी वही काढली. आठ वर्षांपूर्वीची नोंद: तिन्ही ऑफिसं आता एकमेकांशी थेट बोलतात, मरोळने तेच पुन्हा सांगायची गरज नाही, बंद केलं. खाली नाव, म. परब. मढ मात्र फक्त मरोळशीच जोडलेलं होतं, त्यामुळे बाकीच्यांचे पत्ते तिथे पोचतच नव्हते.

एक ओळ गुपचूप बदलली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी मागे उभा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता परब हे दडपणार, असं वाटून मला आधीच राग आला होता.

परबांनी फोन लावला आणि थेट आपल्या मालवणीत बोलले. "गो श्रुतिका, खंय आसस? वडे घेव नको. चूक माजी आसा. तुजा काम बराबर आसा."

ती परत आल्यावर त्यांनी तिलाच रिफ्लेक्शन सुरू करायला लावलं. मढला तिन्ही ऑफिसं दिसली. श्रुतिका वही घेऊन बसली.

"सर, कारण काय लिहू?"

"परब इसारलो, असा लिव."

मग ते स्वतः वडे आणायला गेले. त्या दिवशी परब मला पहिल्यांदा मनापासून आवडले.