उज्ज्वल भविष्याचं वाक्य

बँकेच्या कर्जासाठी कापसाच्या जिनिंगच्या शेडांचे प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणारा एक गृहस्थ यवतमाळच्या माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात पडीक असायचा. जागा न बघता एस्टिमेट ठोकायचा आणि जुन्याच रिपोर्टात गावाचं नाव बदलायचा. एकदा राळेगावच्या रिपोर्टात वणीची कोळसा खाण तशीच राहिली. मी दाखवली, तर म्हणाला, “कोण वाचून राह्यलं, भाऊ?”

शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: ‘परिसरात कापसाचे भविष्य उज्ज्वल आहे.’ त्या वर्षी भाव नसल्यानं घराघरात कापूस पडून होता. राळेगावच्या त्याच रिपोर्टातून तेवढं वाक्य त्यानं मला काढायला लावलं. “इतकं खोटं मले नाही जमत.”

आठवड्यानं बँकेतून रिपोर्ट परत आला. खाणीला कोणी हात लावला नव्हता. शेवटी लाल शाईत शेरा होता: ‘उज्ज्वल भविष्य राहिले आहे, घालावे.’

तो हरखलाच. “म्हणजे वाचतेत लेकाचे!”