आत्याचे एकवीस मुके दिवस

माझी आत्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते आणि शहरातल्या सगळ्यात जास्त हरणाऱ्या फुटबॉल टीमवर जीव टाकते. पहिलं पोटासाठी. दुसरं कशासाठी, ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी तिची भाची. कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले, नोकरी लागली तरी तिथेच राहिले. मला फुटबॉल आवडत नाही. बावीस माणसं एका चेंडूमागे धावतात, एक-एक चेंडू घेऊन द्या की सगळ्यांना, असं मी एकदा म्हणाले होते. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

टीमचे कपडे पिवळे, म्हणून सगळे त्यांना पिवळेच म्हणतात. आत्या सव्वीस वर्षं त्यांच्या प्रत्येक घरच्या मॅचला जाते. तिसरी रांग, पाठ मोडलेली खुर्ची. हॉस्पिटलने बाद केलेली एक चादर तिने पिवळ्या रंगात बुडवून झेंडा केला आहे. रंगाखालून हॉस्पिटलचा शिक्का अजून दिसतो. आमची टीम बघता तो शिक्का शोभतोही.

आणि आवाज! इस्त्रीच्या रोलरच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेल्या बाईचा आवाज तो. तिने पहिली हाक दिली की मग सगळा स्टँड तिच्यामागे ओरडायचा. पाहुणी टीम आधी स्कोअरबोर्डकडे नाही, तिसऱ्या रांगेकडे बघायची.

तोच आवाज रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत लागायचा. आत्या चहाचं आधण ठेवून खिडकीपाशी उभी राहते आणि देवाचे आभार मानते. मोठ्याने. "काल रोलरचा पट्टा तुटला नाही, आभार. भाचीचा ताप उतरला, आभार. वरच्या मजल्यावरचं बाळ रात्रभर झोपलं आणि आम्हालाही झोपू दिलं, आभार. खांबाने दोन बॉल अडवले, आभार. सहा आत गेले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

खांब म्हणजे पिवळ्यांचा गोलकीपर. उंच, रुंद, आणि वेळेवर न हलणारा. नाव लोकांनी ठेवलं. आत्याचा तो लाडका. "हलत नाही, पण पळूनही जात नाही," असं ती म्हणते.

एकदा मी विचारलं, "आत्या, तू नुसते आभारच मानतेस. मागत का नाहीस काही? निदान एखादी मॅच जिंकायला?"

"मागणाऱ्यांची लाइन बघितलीस केवढी आहे ती? आभाराच्या खिडकीवर कुणी नसतं. तिथे कसा पटकन नंबर लागतो."

"आणि मनातल्या मनात मानले तर चालत नाहीत का? शेजारी झोपलेले असतात."

"मनातले आभार म्हणजे लिहून खिशातच ठेवलेलं पत्र. त्याला पोचायचं कसं?"

शेजाऱ्यांनी घड्याळाचा गजर लावणं सोडून दिलं होतं.

मग तिचा घसा बसला. सर्दी असेल, वाफेने असेल, असं म्हणत तिने दोन महिने काढले. शेवटी मी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणाल्या. साधी गाठ होती, नशीब. ऑपरेशनही छोटं. पण त्यानंतर एकवीस दिवस एक शब्द काढायचा नाही.

"हळू बोललं तर?" आत्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हळू नाही, कुजबुज नाही, खाकरणंसुद्धा नाही. ऐकलं नाहीत तर जो आहे तो आवाजही जाईल. कायमचा."

आत्याने बोटांवर दिवस मोजले. एकोणिसाव्या दिवशी पिवळ्यांची वर्षातली शेवटची मॅच होती. हरले तर खालच्या गटात जाणार होते, आणि तसं झालं तर टीमच बंद करायची असं कमिटीने ठरवल्याची कुजबुज गावभर होती. बरोबरी झाली तरी पुरे होतं. पण पिवळ्यांना बरोबरी म्हणजे दुसऱ्यांच्या वर्ल्ड कपएवढी.

ऑपरेशन झालं. आत्या पाटी आणि खडू घेऊन घरी आली आणि घर एवढं शांत झालं, की फ्रिजचा आवाज येतो हे मला तेव्हा कळलं. पहिल्या सकाळी ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आधण उकळून उकळून अर्धं झालं तरी ती तिथेच. मग तिने उजवा तळवा छातीवर दोनदा आपटला आणि माझ्याकडे वळून पाटीवर लिहिलं, 'त्याला लाँड्रीची खूण कळत असेल का?'

ही खूण काय ते सांगते. लाँड्रीत यंत्रं सुरू झाली की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. म्हणून तिथल्या बायका हातांनी बोलतात. मूठ हवेत फिरवली की रोलर सुरू कर. दोन बोटं दाखवली की दुहेरी घडी. हात डावीकडून उजवीकडे नेला की ट्रॉली पुढे ढकल. छातीवर दोनदा तळवा म्हणजे माल पोचला, ठीक आहे. आणि दोन्ही तळवे जोरात खाली दाबले की सगळं बंद, कुणाचा तरी हात आत आहे. एका बाईचं बोट गेल्यापासून ही शेवटची खूण दिसली की तिथली प्रत्येक जण आहे तिथे गोठते. श्वाससुद्धा पुढची खूण मिळाल्यावर सोडते.

पाचव्या दिवशी आत्या कामावर गेली. तिथे ती मुकी झाली आहे हे पहिले दोन दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी मात्र वादळ. बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, मुद्दाम येऊन बसले. "ताई, त्या मॅचला जायचं नाही."

आत्याने लिहिलं, 'जाणार.'

"ओरडशील."

'नाही.'

"सव्वीस वर्षं ओरडतेस! पालथ्या घड्यावर पाणी आहे हे सगळं. तिथे बसलीस की तुझा ताबा सुटणार, आणि मग जन्मभर पाटी घेऊन हिंड."

आत्याने मघाच्या 'नाही'खाली रेघ मारली. खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने आणखी एक मारली. मग हाताची घडी, तोंडावर बोट, अशी शाळेतल्यासारखी बसून भावाकडे बघत राहिली. बाबा माझ्याकडे वळले. "तू तरी सांग."

"मी काय सांगू? ती आता कुणाचं ऐकायची नाही. मी जाते तिच्याबरोबर. तोंड उघडलं तर हात ठेवीन."

असा माझा नंबर लागला. मला फुटबॉल आवडत नाही हे मी आधी सांगितलेलंच आहे.

पण नुसतं गप्प बसून मॅच बघायची, हे आत्याला मंजूर नव्हतं. ती गप्प तर स्टँड गप्प, आणि स्टँड गप्प तर पोरांच्या पायात बळ कुठून येणार? म्हणून तिने जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीच्या मागच्या अंगणात तालमी सुरू केल्या. रोलरवर तिच्याबरोबर काम करणारी तिची मैत्रीण, तिला सगळे रोलरवाली म्हणतात, ती पुढे. मागे पंचवीस-तीस जणी. मूठ फिरली की आरोळी. दोन बोटं दिसली की दोन-दोन टाळ्या. हात डावीकडून उजवीकडे गेला की तशीच लाट. मी एकदा डबा द्यायला गेले तर तीस बायका वाळत घातलेल्या चादरींसमोर लाटा काढत होत्या.

"आत्या, याने टीम जिंकेल?" मी विचारलं.

तिने लिहिलं, 'टीमचं टीम बघेल. मी माझं काम बघते.'

मॅचच्या दिवशी तिने गळ्यात पिवळा मफलर गुंडाळला आणि पाटी घरीच ठेवली. हातात पाटी असली तर हात अडकतात. बायका स्टँडभर चार-चार, पाच-पाच करून बसल्या. आत्या तिसऱ्या रांगेत उभी राहिली, मैदानाकडे पाठ केली आणि मूठ फिरवली.

आधी तीस बायका ओरडल्या. लोक बघायला लागले. दुसऱ्यांदा शंभरेक. अर्ध्या तासात सगळा स्टँड तिच्या बोटांवर होता. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही म्हणतात. आत्याने त्या दिवशी न बोलता सगळं विकलं. मी तिच्या तोंडावर नजर ठेवून होते. ओठ घट्ट. कपाळावर घाम. पिवळे नेहमीप्रमाणे धडपडत होते, पण गोल खाल्ला नव्हता.

संपायला बारा मिनिटं असताना आमच्या एकाचा हात बॉलला लागला. पेनल्टी.

पाहुण्यांचा नंबर नऊ बॉल ठेवायला पुढे आला. येता येता त्याने आमच्या स्टँडकडे बघून कानाला हात लावला. ओरडा की, असं. स्टँड पेटला. शिट्ट्या, शिव्या, डब्यांचा ठणठणाट, सगळं. आत्या पेनल्टी बघायला मैदानाकडे वळली, तर पुढच्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर चढलेली, तिला मैदानच दिसेना. आता सगळं त्या एका बॉलवर होतं आणि तिला दिसत होत्या पोरांच्या पाठी. तिने एकाला टोचलं, दुसऱ्याला ढोसलं. कुणी वळेना. तेव्हा वैतागून तिने दोन्ही तळवे जोरात खाली दाबले. खाली बसा!

रोलरवालीने ते तळवे बघितले. कुणाचा तरी हात आत आहे.

तिचं तोंड मिटलं. पलीकडच्या चौघींचं मिटलं. तीस जणी जागच्या जागी गोठल्या, आणि दीड तास त्यांच्याकडे बघून ओरडणारा सगळा स्टँड त्यांच्याबरोबर चिडीचूप झाला. कोपऱ्यातला झेंडा फडफडलेला ऐकू आला.

नंबर नऊ धावत निघाला होता, तो थांबला. आमच्याकडे बघितलं. काय झालं, कुणी मेलं का, असा त्याचा चेहरा. बॉल पुन्हा नीट ठेवला. पुन्हा आमच्याकडे बघितलं. शिट्ट्यांची तयारी करून आलेल्या माणसाला एवढ्या शांततेत काय करायचं ते सुचेना. तो धावला आणि त्याने बॉल मारला तो सरळ मधोमध.

खांब हललाच नव्हता. बॉल येऊन त्याच्या पोटावर आपटला आणि त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मी आत्याकडे वळले. तिचं तोंड उघडलं होतं. मी हात पुढे करेपर्यंत तिने मफलरचं टोक मुठीत धरून तोंडात कोंबलं होतं. डोळ्यांतून पाणी, गालात मफलर, आवाज शून्य. आणि मग कुणीतरी किंचाळलं. इतक्या जोरात, की पुढची पोरं मागे वळली. ती मी होते.

मॅच शून्य-शून्य सुटली. पिवळे वाचले. टीमची पोरं स्टँडसमोर आली, वाकली, आणि आत्याने छातीवर दोनदा तळवा आपटला. मग रोलरवालीने. मग तीस जणींनी. खूण कशाची ते कुणाला ठाऊक नव्हतं, तरी सगळा स्टँड दोनदा छातीवर थाप मारून उभा राहिला. खांब गोंधळून बघत होता. मग त्याने उजव्या हातातला ग्लोव्ह काढला आणि दोनदा छातीवर थाप मारली.

बाविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोला."

आत्याने घसा चाचपला. "तुमच्या कोटाच्या कॉलरला कुणी इस्त्री केली आहे?" आवाज जाड होता, खालच्या पट्टीतला, अनोळखी. पण होता.

बाई हसल्या. मग त्यांनी आत बघितलं आणि हसू कमी झालं. जखम छान भरली होती, आत्याने सगळं पाळलं होतं. पण सव्वीस वर्षांच्या ओरडण्याने पडदे आधीच झिजले होते. बोलायला हरकत नाही, म्हणाल्या, पण ओरडणं आता कधीच जमणार नाही.

मला रडू आलं. आत्या शांत. बसस्टॉपवर मी म्हणाले, "एवढं एकवीस दिवस पाळलंस. काय उपयोग झाला?"

"झाला की." ती समोर बघत म्हणाली. "त्या पेनल्टीला मी मागितलं. जन्मात पहिल्यांदा. तेही मनातल्या मनात."

"काय मागितलंस?"

"म्हटलं, माझा ओरडा घे हवा तर. पण एवढा बॉल अडव."

"आत्या! वेड लागलंय का तुला? पडदे आधीच झिजले होते म्हणाल्या त्या. देव असले सौदे करत नाही."

"तुला काय माहीत? तू कधी खिडकीपाशी उभी राहिलीस?" आणि त्या नव्या जाड आवाजात ती चक्क हसली. "मनातलंही पोचतं गं. सव्वीस वर्षं उगाच शेजाऱ्यांची झोपमोड केली."

मला तिचा इतका राग आला, की बसमध्ये मी वेगळ्या सीटवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधण उकळत होतं. मी दारातून बघितलं. मनातलं पोचतं म्हणणारी आत्या खिडकीपाशी उभी राहून बोलतच होती, फक्त आता शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात.

"आवाज दिलास परत, आभार. पिवळे राहिले, आभार. खांब हलला नाही, फार आभार." मग तिने आधणात चहाची पूड टाकली. "आणि माझ्या भाचीला तसाच घसा दिला आहेस, हे इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस. त्याचेही आभार."

नवीन मोसमाची पहिली मॅच पुढच्या रविवारी आहे. तिसऱ्या रांगेत, मोडक्या खुर्चीशेजारी, आत्याने माझ्यासाठी जागा धरली आहे. ती मूठ फिरवणार आणि पहिली हाक मी द्यायची, असं ठरलं आहे. मला फुटबॉल आवडत नाही. रोज संध्याकाळी मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करते आहे.