नानांचा आरसा आणि शनीचं कडं

आमच्या आकाशदर्शन मंडळाची इतिवृत्ताची वही वाळवीने खाल्ली. किस्से मात्र शाबूत आहेत, उलट वाढतच चालले आहेत. दोन जुने सभासद भेटले की तीन नवे किस्से निघतात! त्यातले खरे किती, हे मला आता छातीठोक सांगता येणार नाही. मी जळगावच्या कॉलेजात आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, पण स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवायला मात्र शिकलो नाही.

* * *

मंडळाची दुर्बीण नानांनी केली. नाना म्हणजे धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमधले फिटर. लोखंडी पिंपावर एक काच बसवून, मध्ये काच झिजवणारी खरपूड टाकून, वरून दुसरी काच घासायची. आणि घासता घासता पिंपाभोवती फिरत राहायचं. दुर्बिणीच्या सहा इंची आरशासाठी नाना चार महिने रोज संध्याकाळी असे फिरत होते.

त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. त्या ओट्यावरून म्हणाल्या, "घाण्याचा बैल फिरस, तर तेल तरी निंघस!"

* * *

शहाऐंशी साली हॅलेचा धूमकेतू आला. आम्ही बाजारात फळा लावला होता. पहाटे अडीचशे माणसं माळावर जमली. झाडूएवढं शेपूट दिसेल अशी त्यांची समजूत, आणि ती बहुतेक माझ्याच व्याख्यानामुळे झाली असावी.

पहिल्या माणसाने दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि आदराने म्हणाला, "सर, काच पुसायची राहिली का?"

मी आठवडाभर बाजारात गेलो नाही.

* * *

शिरपूरच्या मेळाव्यात एका शेतकरी आबांनी विचारलं, "तो खाली चमकतो तो अगस्ती का?"

मी म्हणालो, "बहुधा."

धुळ्याचे सुधाकरभाऊ आमचे खजिनदार, औषधाचं दुकान चालवायचे. ते म्हणाले, "आबा, सरांना सूर्य दाखवा. तरी बहुधाच म्हणतील!"

सगळे हसले, मीसुद्धा. घरी येऊन नकाशा पाहिला. अगस्तीच होता.

* * *

नानांना साखरेचा आजार होता. नजर कमी होत चालली होती, पण ते बोलत नसत. नरडाण्याच्या मेळाव्यात त्यांनी नेहमीसारखी दुर्बीण शनीवर लावली, डोळा लावला आणि म्हणाले, "वा! काय कडं दिखी ऱ्हायनं!"

नळीच्या तोंडावरचं झाकण अजून काढलेलं नव्हतं.

रांगेत मी पहिला होतो. माझ्या मागे सुधाकरभाऊ, ज्यांनी आयुष्यात एकही थट्टा वाया घालवली नव्हती. ते हळूच पुढे झाले, झाकण काढलं आणि खिशात टाकलं.

"खरंय नाना," ते म्हणाले. "फार सुंदर."

* * *

पुढे नानांना अजिबात दिसेनासं झालं. तरी ते यायचे. दुर्बीण आम्ही लावायचो, नाना शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "कडं दिखनं?" लोक "हो" म्हणायचे. त्या एका "हो"साठी ते बसमधून धक्के खात येत.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर मात्र लोक म्हणू लागले, "नाही नाना. नुसता गोल ठिपका आहे."

चौथ्या माणसानंतर नानांनी विचारणं थांबवलं. "मना आरसा खराब व्हयना," ते म्हणाले.

मी समजावलं, की दर चौदा-पंधरा वर्षांनी शनीचं कडं आपल्याकडे धार करून उभं राहतं. पातळ असल्यामुळे दिसत नाही. आरसा उत्तम आहे. इथवर ठीक होतं. मग मी म्हणालो, "पुढच्या हिवाळ्यात बहुधा परत दिसेल."

तो शब्द माझ्या तोंडून का गेला? मला तर पक्कं ठाऊक होतं.

"सर, तुम्ही मना मन राखतस," नाना म्हणाले. त्यांनी आरसा काढून घ्यायला लावला, धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि घरी नेला. पुढचे मेळावे त्यांच्याशिवाय झाले.

* * *

पुढच्या हिवाळ्यात मी रिकामी नळी घेऊन धरणगावला गेलो. नाना आरसा देईनात. शेवटी अक्कांनीच ट्रंकेतून काढून दिला. संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर मी तो बसवला. दोनदा चुकीचा, तिसऱ्यांदा बरोबर. शनी सापडला. कडं होतं. सुरीच्या पात्यासारखं, पण होतं.

"नाना, आहे!" मी ओरडलोच.

नानांनी मान हलवली. "तुम्ही नका सांगू, सर. तिले पाहू द्या. ती मना मन राखाकरता कधीच बोलनी नही."

इतक्या वर्षांत अक्कांनी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. त्या पदर सावरून वाकल्या. खूप वेळ पाहत राहिल्या.

मग त्या वळल्या, नानांचा हात उलटा करून तळवा वर केला आणि बोटाने त्यावर एक गोल काढला. गोलातून एक आडवी रेघ ओढली.

"रेघ दोन्ही बाजूले बाहेर निंघस?" नानांनी विचारलं.

"निंघस."

नानांनी हात मागे घेतला नाही.

"पुन्हा एकदाव काढ," ते म्हणाले.