नोरबू दोरीवर नव्हता

हिमनदीवरच्या पोस्टवर मी प्लाटूनचा सुभेदार होतो. केरोसीन पाठीवर वाहून आणणारा नोरबू सैनिक नव्हता, लडाखी पोर्टर होता. बर्फाखाली भेगा असतात, म्हणून सगळे एकाच दोरीला बांधून चालत. एक पडला की बाकीचे त्याला धरत.

त्या सकाळी वायरलेसवर मेजरचा हुकूम आला.

"पोर्टरला दोरीवर घेऊ नका. पडला तर माझे जवान जातील. ओव्हर."

"सर, तोही आमच्यातलाच आहे. ओव्हर."

"दॅट्स ॲन ऑर्डर. आउट."

नोरबू दोरीबाहेर चालला आणि भेगेत गेला. पोर्टरने स्वतःच दोरी सोडली, असं मेजरने वर कळवलं. शहिदांच्या दगडावर त्याचं नाव नाही. तेव्हापासून मी या मेजरवर डूख धरून आहे, खोटं कशाला बोलू?

निवृत्तीनंतर सिंगापुरात सेंगकांगला मुलीच्या फ्लॅटवर राहायला आलो. मृणाल इथे पोस्टडॉक करते. २०१८ साली एका रविवारी ती मराठी मंडळींपुढे अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्धच्या एका कादंबरीवर बोलली. पहिल्या रांगेत पाहुणा म्हणून तोच मेजर, आता रिटायर्ड कर्नल! लोकसभेला उभं राहायचं होतं, त्यासाठी ओळखी जमवत फिरत होता.

मृणाल म्हणाली, "गुलामगिरीवर वाद कधीचेच चालू होते. या कादंबरीने गुलामाला नाव दिलं, घर दिलं. लोकांनी ती घरोघरी वाचली आणि मग पुढाऱ्यांना विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

कर्नल हसला. "गोष्टींनी राजकारण बदलत नसतं, बेटा."

मी उठलो. हुकूम, दोरी, भेग, सगळं सांगितलं. पोर्टरचं नाव मात्र मुद्दाम गाळलं.

हॉल बुक करणारे जोशी आयटीतले, एरवी कधी आवाज न चढवणारे. त्यांनी विचारलं, "कर्नलसाहेब, त्या पोर्टरचं नाव काय होतं?"

कर्नलने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो.

"नावही माहीत नाही, मग आमच्याकडे कशाला आलात?" जोशी म्हणाले.

जेवणाला तो थांबला नाही. पुढे तिकीट मिळालं की नाही, मी चौकशी केली नाही. त्याचा उतरलेला चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं.

तो गेल्यावर मी नाव सांगितलं. नोरबू, नुब्राचा. माझ्या गोड चहाला नाक मुरडायचा. दोरीवर त्याची जागा माझ्या मागे होती.