राग आणि कवच

रविवारी दुपारी पापनाशमहून अक्का आणि तिची लेक तंजावरला आमच्याकडे येतात आणि आम्ही फासे टाकून लढाया खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र असतं. गोष्ट सांगणं आणि निवाडा देणं माझ्याकडे. छापील नियमांत मी घरचा एक घुसडलाय: मंत्र मराठीत म्हटला तरच लागतो. भाचीला आपली भाषा सगळी समजते, पण तोंडून तमिळच येतं. अक्काच्या मनाला ते फार लागतं, म्हणून ही युक्ती.

भाचीचं पात्र अर्धं लढवय्या, अर्धं पुजारीण. गेल्या महिन्यात कालव्याकाठी राक्षसांनी गाठलं तेव्हा तिने अक्काच्या पात्रावर, म्हणजे नावाड्यावर, रक्षाकवच घातलं. अडखळत, पण पूर्ण वाक्यात: "माझ्या अम्माला कोणी हात लावायचा नाही." नावाडी म्हणायचं सोडून अम्मा म्हणाली. अक्काने पटकन पदर डोळ्यांना लावला.

पुढच्या पाळीला ती म्हणाली, आता मला राग येतो. रागात लढवय्याचा वार जोरात बसतो. पण कवच टिकतं मन एकाग्र असेपर्यंत, आणि रागात एकाग्रता राहत नाही. एकाच पात्राचे दोन नियम इथे एकमेकांच्या मुळावर येतात. ती हे विसरलीय, मला दिसत होतं. "नक्की ना?" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. मी गप्प बसलो, कारण एवढीशी पोर अलगद सापडतेय याची मला मजा वाटत होती. सांगायलाही लाज वाटते.

"कवच तुटलं," मी म्हणालो. राक्षसाच्या एका घावात नावाडी गेला.

"आनाल मामा," ती तमिळमध्ये म्हणाली, "पण राग तिच्यासाठीच आला ना?"

मी शहाण्यासारखं पुस्तक उघडून पान दाखवलं. ती "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि तिने फासे खाली ठेवले.

पुढच्या रविवारी तिने नवं पात्र आणलं, तिरंदाज. राग नाही, मंत्र नाही, मराठीची गरजच नाही. रागातही कवच टिकेल असा नियम करू, असं मी सुचवलं. तिने तमिळमध्ये नको म्हटलं आणि बाण मोजू लागली.

परवा बसस्टँडवर लेक जागा धरायला पुढे गेली, तेव्हा मी अक्काची माफी मागितली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"ते वाक्य तू ऐकलंस ना?" तिने विचारलं. "तिने माझ्यासाठी आपल्या भाषेत म्हटलेलं तेवढंच."