पाठ केलेलं स्वगत
बहारीनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या इराणी कवीची नाटकं त्याच्या देशात बंद पाडली होती. आजारी आईला भेटायला तिकडे जाण्यापूर्वी त्यानं नव्या नाटकातलं स्वगत माझ्याकडून पाठ करून घेतलं. कागद बाळगणं धोक्याचं होतं. फारसी कळत नव्हती, पण लहानपणी रामरक्षा तरी कुठं कळत होती? "तुझे उच्चार ऐकून पोलिसांनाही ही फारसी वाटणार नाही," तो हसायचा.

तो परतलाच नाही. त्याच्या बहिणीनं फोनवर त्याचं काही लिखाण माझ्याकडे आहे का विचारलं, तेव्हा व्हिसा रद्द होईल या भीतीनं मी म्हणालो, "माझ्याकडे काही नाही."

बुदैयाच्या रस्त्यावर गाडीच्या काचा वर करून मी ते स्वगत रोज म्हणतो. परवा एक ओळ आठवेना, काल दुसरी गेली. आज घाबरून तिला फोन लावला आणि खरं सांगितलं.

"उरलंय तेवढं म्हणा," ती म्हणाली. "सावकाश."