मागे घेतलेला हात

सावनेरहून फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत बसले होते. द्वारकीची सून फोनवर नेहमी मोठ्यानं बोलते, जणू सावनेर ते नागपूर हे अंतर तिला गळ्यानंच पार करायचं आहे. त्या दिवशी ती हळू बोलली आणि मला तेव्हाच समजलं. "मावशी, आई गेल्या," ती म्हणाली. "सकाळचा चहा घेतला, अन् बसल्या जागीच…" मी 'बरं' म्हटलं. आता त्यात बरं काय होतं? पण ऐंशीच्या घरात आलेल्या बाईला बालमैत्रिणीच्या मरणाची बातमी ऐकून दुसरं काही सुचत नाही. फोन ठेवला आणि उरलेले वाटाणे सोलले. रडू आलं ते काही दिवसांनी, सीताबर्डीच्या बाजारात, संत्र्यांच्या ढिगासमोर. दर हिवाळ्यात द्वारकी माझ्याकडे संत्र्यांची करंडी पाठवायची, त्यामुळे कित्येक वर्षांत मी संत्री विकत घेतलीच नव्हती. विकणारा भाव सांगत होता आणि मी पदर तोंडाला लावून उभी. शेवटी न घेताच परत आले.

द्वारका आणि मी नागपूरच्या महाल भागात एकाच गल्लीत वाढलो. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं आणि आमच्या गल्लीतले बहुतेक पुरुष डब्यात पोळी-भाजी घेऊन सरकारी कचेऱ्यांत जात. द्वारकीचे वडील त्यातलेच, अक्षर मोत्यासारखं, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. आई तिच्या लहानपणीच गेलेली. तिला वाढवलं आत्याबाईंनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीनं. आत्याबाई बालविधवा. घर त्यांच्या सोवळ्यावर चाले. आमच्या घरी उलटा कारभार होता. माझे वडील सुधारक म्हणवून घेत आणि आईला या सगळ्याचा आधीपासूनच कंटाळा. त्यामुळे दोन घरांत जेमतेम एका भिंतीचं अंतर असलं तरी त्यांच्या अंगणात पाय ठेवताना मी आपोआप पदर सावरायची.

आम्ही दोघी मुलींच्या हायस्कूलमध्ये आठवीत गेलो आणि द्वारकी एकाएकी ढ ठरली. प्राथमिक शाळेत जिच्या पाटीवरून मी गणितं उतरवायची, ती बीजगणितात कशीबशी पास होऊ लागली, विज्ञानात तर तेही नाही. बाई म्हणत, मुलगी हुशार आहे पण शाळा फार बुडवते. बुडवते! जशी काही ती अंबाझरी तलावावर फिरायला जात होती. गोष्ट साधी होती. त्या वर्षापासून तिला महिन्यातले चार दिवस बाजूला बसावं लागे. न्हाणीघरामागच्या पडवीत एक चटई, एक तांब्या, वरून वाढलेलं ताट. शाळेत जायचं नाही हे तर झालंच, पण पुस्तकालाही हात लावायचा नाही, कारण पुस्तक म्हणजे सरस्वती. वर्गात सोमवारी सुरू झालेलं प्रकरण ती शुक्रवारी येऊन शेवटच्या टोकाकडून बघायची. सहामाही परीक्षेचे पेपर असेच गेले. दोन वर्षं अशी गेली आणि दोन वर्षांचे ते गुण तिच्या प्रगतिपत्रकावर कायमचे बसले.

दहावीत मी तिला विचारलं, "पुस्तकाले हात लावू नको म्हणतात. आयकू नको असं कोण म्हटलं?" ती हसत सुटली. त्या महिन्यापासून शाळा सुटली की मी त्यांच्या मागच्या अंगणात, पेरूखाली, पाटावर बसून मोठ्यानं धडे वाचू लागले. ती पडवीत डोळे मिटून ऐके. भूमितीत आकृती लागेल तेव्हा ती काडीनं मातीत काढायची आणि मी लांबून मान हलवायची किंवा नाही म्हणायची. ऐकलेलं सगळं तिच्या डोक्यात जाऊन बसे, माझ्या मात्र वाचूनही काही उरत नसे. "थांब वं, ती मागची ओळ पुन्हा वाच, तू एक पायरी गाळून राहिली," असं ती डोळे न उघडताच सांगायची, आणि खरंच गाळलेलं असे. आत्याबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एकदा फक्त माझ्यासाठी मुरमुऱ्याचा चिवडा पाटाशेजारी ठेवून गेल्या.

मॅट्रिकला द्वारकीला पहिला वर्ग मिळाला. मला दुसरा, तोही देवाच्या कृपेनं. तिला विज्ञान शिकायचं होतं, आणि ते ज्या कॉलेजात शिकवत तिथं जाण्याचं वेड तिनं मलाही लावलं. तिथं विज्ञान शाखेत मुली घेत त्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या. नुसते मॅट्रिकचे गुण पुरत नसत, हायस्कूलची सगळी वर्षं बघत, आणि ज्यांच्या मागल्या वर्षांत खोट दिसे त्यांना प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः बोलावून विचारत. माझे गुण सगळीकडे सारखेच बेताचे, पण खाडा एकही नाही, म्हणून मला न बोलावताच जागा मिळाली. हा न्याय मला तेव्हाही कळला नाही आणि आता तर मुळीच कळत नाही. द्वारकीला भेटीची तारीख आली.

मग आमची तालीम सुरू झाली. मी साहेब व्हायची, वडिलांचा जुना कोट घालून, आणि इंग्रजीत विचारायची की बाई, आठवी-नववीत तुम्ही काय करत होता? "मलेरिया झालता असं सांग," हा माझा सल्ला. नागपुरात मलेरियावर कोण अविश्वास दाखवणार होतं? ती ऐकेना. "खोटं काहून सांगू? घरी अडचण होती असं सांगीन. इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ त्याले काय समजते?" यावर आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. तिला असं हसताना मी पुन्हा फारसं पाहिलं नाही.

भेटीच्या दिवशी सकाळी मी टांगा घेऊन त्यांच्या दाराशी गेले. मी नुसती सोबतीला होते. तिचे वडील कोट-टोपी घालून ओसरीवर तयार, द्वारकी चापूनचोपून नेसलेली, पण चेहरा ओढलेला. मला बाजूला घेऊन तिनं कानात सांगितलं की पहाटेच सुरू झालंय, दोन दिवस आधीच. "कोणाले सांगितलं?" मी विचारलं. "कोणालेच नाही. आज मी बोलत नाही," ती म्हणाली. एवढी पक्की द्वारकी मी पाहिली नव्हती. मी तिचा हात दाबला आणि मनात म्हटलं, चला, या बयेला जगायची अक्कल आली.

आणि तेवढ्यात आत्याबाई आल्या. एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या घरातून कोणी शुभकामाला निघालं की आत्याबाई कधी समोर येत नसत. विधवेनं सामोरं येऊ नये, ही शिकवण त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की भावाच्या बढतीच्या दिवशीसुद्धा त्या मागीलदारी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्या सोवळ्यात, हातात दह्याची वाटी घेऊन, आपण होऊन दाराशी आल्या. स्वयंपाक, नैवेद्य, सगळं ठेवून आल्या. "माय असती तं तिनं दिलं असतं," त्या म्हणाल्या. "आता मीच आहो. धर हात." आवाज त्यांचाच, पण त्यात कधी नव्हता असा ओलावा. वरून, न शिवता, त्यांनी चमचा द्वारकीच्या तळव्यावर धरला… आणि द्वारकीनं हात मागे घेतला.

"आत्या, देऊ नको," ती म्हणाली. "मी बाजूला आहो."

आत्याबाई रोजच्यासारख्या कडक असत्या, आतूनच काही ओरडल्या असत्या, तर ती टांग्यात बसून निघून गेली असती. याबद्दल मला आजही शंका नाही. कडक माणसाला फसवता येतं. पण जन्मात पहिल्यांदा, भीत भीत समोर आलेल्या त्या बाईला फसवणं तिला जमलं नाही. आत्याबाई रागावल्या नाहीत. चमच्यातलं दही त्यांनी परत वाटीत घेतलं आणि म्हणाल्या, "मग आज राहू दे." मी भांडले. घरातल्या मोठ्यांसमोर मी कधी तोंड उघडत नसे, पण त्या दिवशी म्हटलं, "आत्याबाई, तिथं कोणाले समजणार आहे?" त्या म्हणाल्या, "मले समजलं नं." वडिलांनी कोट काढून खुंटीला लावला. द्वारकी सरळ पडवीत गेली. टांगेवाल्याला काय सांगावं ते मला कळेना, तेव्हा मी एकटीच टांग्यात बसले आणि गल्लीच्या टोकाशी उतरून रडत घरी आले.

चौथ्या दिवशी द्वारकीचं न्हाणं झाल्यावर तिचे वडील कॉलेजात गेले. साहेबांनी त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं म्हणे, पण जागा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी बघू असं ठरलं, आणि पुढच्या वर्षीच्या आत सावनेरचं स्थळ आलं. मुलगा कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत नोकरीला, माणसं सज्जन. सज्जन माणसांनी द्वारकीचं आयुष्य सगळ्या बाजूंनी घेरलं होतं, त्यात भांडायला कोणी सापडत नव्हतं. मी कॉलेजात गेले. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत दोघी-दोघींना एक टेबल दिलं, आणि माझ्याशेजारी जी उभी राहिली तिचं नावसुद्धा मला आता आठवत नाही. पुढं मी शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले. माझं काही वाईट झालं नाही. पण त्या जागेवर दुसरं कोणी उभं असायला हवं होतं, ही टोचणी गेली नाही ती नाहीच.

सुट्टीत मी सावनेरला गेले की ती माझी जुनी पुस्तकं मागून घ्यायची. मुलाबाळांचं करता करता तिनं रसायनशास्त्र जवळजवळ सगळं वाचून काढलं. अडायची ते एकाच ठिकाणी. "लिहिलं आहे की निळं होते," ती म्हणायची. "पण कसं निळं? एकदम होते का हळूहळू? तू पाहिलं नं?" मी सांगायची, नळी हलवली की तळाशी धूर उतरल्यासारखा रंग उतरतो, मग सगळीकडे पसरतो. ती भाकरी थापता थापता थांबायची आणि डोळे मिटायची. मला तिथून उठून जावंसं वाटे. एकदा मी तिला म्हटलं होतं, ये नागपूरला, माझ्या शाळेत दाखवते. ती आली नाही. "आता पाहून काय करू?" एवढंच म्हणाली.

आमची शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतरची. अंगणात ऊन खात बसलो होतो. तिनं आपण होऊनच आत्याबाईंचा विषय काढला, जो आम्ही जवळजवळ जन्मभर टाळला होता. आत्याबाईंच्या शेवटच्या आजारात ती माहेरी राहून सेवा करत होती. एके दिवशी पाणी पाजताना आत्याबाईंनी तिचा हात धरला आणि विचारलं, "तेव्हा मले काहून सांगितलं वं? न सांगती तं चाललं असतं."

"मग तू काय म्हटलं?" मी विचारलं.

"काय म्हणणार? पांघरूण नीट केलं," द्वारकी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "सुमे, तिले तेव्हापासून ते लागून राहिलं होतं. मले वाटे, मले एकटीलेच लागलं." मला दोघींचाही राग आला आणि दोघींसाठीही जीव तुटला. चांगल्या माणसांनी एकमेकांची मनं जपत जपत एका मुलीचं सगळं आयुष्य बाजूला बसवलं. यात मी शिव्या कोणाला घालायच्या? भेटीनंतर बसमध्ये मी हेच घोकत आले.

तेरावं झाल्यावर मी सावनेरला गेले. सुनेनं मला द्वारकीची खोली दाखवली. ओसरीच्या आतली, एका खिडकीची, खाट, उशाशी चष्मा. सून दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "मावशी, घरातून पोरगी परीक्षेले निघाली का आई इथं येऊन आतून कडी घालत. माझ्या नणंदांच्या वेळेपासूनचं हे. आम्हाले वाटे, मामंजी गेल्यावर विधवा म्हणून समोर येत नाहीत. पण मामंजी होते तेव्हाही त्या तसंच करत. एकदा मी चिडली, म्हटलं, आई, आजकाल कोण मानते हे? तुम्ही पोरीले दही द्या नं. तं म्हणाल्या, 'त्यासाठी नाही वं. माया करणारं माणूस समोर आलं का पोरी खरं सांगून टाकतात. मी आत आहो, तिले जाऊ दे.'"

सुनेला त्याचा अर्थ लागला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं, टांगा, दही, सगळं. ती खाटेवर बसून राहिली.

परवा तिचा फोन आला. पुन्हा तसाच हळू आवाज. द्वारकीच्या नातीचा बारावीचा विज्ञानाचा पहिला पेपर होता. पोरगी चपला घालून ओसरीवर उभी होती आणि निघेचना, सवयीनं कडीचा आवाज ऐकायला थांबली होती. "मग?" मी विचारलं.

"मग मीच आत गेली, मावशी," सून म्हणाली. "अन् कडी घातली."